निळ्या बॅरलपासून गॅझेटपर्यंत: घातक केमिकल आणि कचऱ्याचे नियम लिहायचं काम अंगावर आलं तर

परवा एका ओळखीच्या पोराचा फोन आला, नुकताच सरकारी खात्यात लागलाय. म्हणाला, दादा घातक कचऱ्याच्या नियमांचा ड्राफ्ट करायची समिती झालीय आणि सगळं मलाच पुढं होऊन बघायचंय, सुरुवात कुठनं करू? म्हणलं फोनवर सांगण्याइतकं ते छोटं नाही, लिहूनच टाकतो, म्हणजे अजून कुणाच्या कामाला आलं तर येईल.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. टेक्स्टाईल केमिस्ट्री शिकलो, काही वर्षं सोलापुरात डाईंगमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवायच्या कारखान्यात, हात रंगवून घेतले, आणि नंतर एका मसुदा समितीचं कारकुनी काम गळ्यात पडलं ते पडलंच. अध्यक्ष साहेब सहीपुरते यायचे, बाकी फाईल, मीटिंगा, चहा, शिव्या सगळं माझ्याकडं. त्यात जे शिकलो आणि जे चुकलो ते लिहितोय.

पहिले आठ दिवस कॉम्प्युटर उघडू नका

सगळे काय करतात, जुने नियम उघडतात, कॉपी करतात, पेस्ट करतात, गावाचं नाव बदलतात. मग ड्राफ्टमध्ये चाळीस व्याख्या होतात आणि त्यातली एक वस्तू पण गावात कुणी त्या नावानं ओळखत नाही. त्यापेक्षा एकच वस्तू धरा आणि ती जिथं जिथं जाते तिथं तिच्या मागं मागं जा.

मी बॅरल धरला. निळा प्लॅस्टिकचा, दोनशे लिटरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाईंग हाऊसला अॅसेटिक अॅसिड येतं, पेरॉक्साईड येतं, असल्या बॅरलमधनं नाहीतर कॅनमधनं. रिकामा झाला की शेडच्या मागं. तिथनं भंगारवाला उचलतो, कुठंतरी नाल्याकडेला धुतला जातो आणि मग विकायला. घेणारं गिऱ्हाईक कोण? तर आपलेच लोक. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे काय वेगळं सांगायला नको, त्यामुळं बॅरल ही इथं चैन नाही, घरातला माणूस आहे जवळजवळ.

विडी घरकुलात एका घरापुढं असाच बॅरल होता, वर कापड बांधलेलं, त्यावर स्टीलचा तांब्या उपडा घातलेला. लेबल अर्धं निघालेलं, उरलेल्या अर्ध्यावर ते लाल चौकटीतलं चित्र, टेस्ट ट्यूबमधनं थेंब पडतोय आणि खाली हात. केमिकलवाल्याला लगेच कळतं, कातडी खाणारं आहे, जपून. मी मावशींना विचारलं हे चित्र कसलं? त्या म्हणल्या, "हात धुवायचं हाय की ते. आन् मी तीनदा धुतलाव साबण लावून, आता कसला वास यायलाय त्याला."

हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहिलंय कारण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माल एका हातातनं दुसऱ्या हातात जातो ना, त्या जागेवर नियम बसला पाहिजे. कारखान्याच्या आत काय चाललंय ते तुम्ही रोज बघू शकत नाही, मावशींच्या दारात जाऊन तर काहीच करू शकत नाही, पण गेटमधनं बॅरल बाहेर पडतो तो क्षण पकडता येतो. देणारा असतो, घेणारा असतो, टेम्पो असतो, पैसे मोजले जातात, म्हणजे कागद करायला जागा आहे.

तर आठ दिवसांत एवढंच करा. एक वस्तू निवडा (बॅरल, ईटीपीचा म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा गाळ, जळकं ऑईल, जुनी बॅटरी काहीही) आणि ती किती हातांतनं जाते ते पाठकोऱ्या कागदावर काढा. प्रत्येक हाताला पैसे मिळतात का द्यावे लागतात तेही लिहा. पैसे मिळतात तिथं माल आपोआप पुढं जातो, द्यावे लागतात तिथं माल रात्री नाल्यात जातो. अर्धा नियम इथंच समजतो.

कुणाच्या खिशातला अधिकार आहे ते आधी बघा

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथं चुकलात तर पुढं दोन वर्षांची मेहनत कोर्टात एका दुपारी जाते.

नियम हवेत लिहिता येत नाहीत, त्याला मूळ कायदा लागतो. आपल्याकडं हा मूळ कायदा म्हणजे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहितीय. या कायद्याच्या कलम ६, ८ आणि २५ मधनं केंद्राला नियम करायचा अधिकार मिळतो. त्यावर १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले, त्याच वर्षी घातक केमिकल बनवणं, साठवणं, आयात करणं यांचे वेगळे नियम आले. कचऱ्याचे नियम २००८ साली नव्यानं लिहिले आणि परत ४ एप्रिल २०१६ ला. बॅटरीचे २०२२ चे वेगळे, ई-वेस्टचे वेगळे, दवाखान्यांच्या कचऱ्याचे वेगळे. आपला बॅरल २०१६ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ३३.१ नंबरला बसलाय, जळकं ऑईल ५.१ ला आणि ईटीपीचा केमिकल गाळ ३५.३ ला. हे तीन नंबर पाठ करून ठेवा, मीटिंगमध्ये फटकन सांगितले की समोरचा जरा सरळ होऊन बसतो.

आता तुम्ही राज्याच्या किंवा महापालिकेच्या पातळीवर लिहीत असाल तर केंद्राच्या नियमापेक्षा ढिलं काही लिहिता येत नाही. पण म्हणून हात बांधलेत असंही नाही. महापालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ३७६ आहे, त्यात काही वस्तू साठवायला आणि काही धंदे करायला परवाना लागतो, आणि कलम ४५८ मध्ये उपविधी, म्हणजे महापालिकेचे स्वतःचे नियम, करायचा अधिकार आहे. केमिकल काय नि भंगार काय, परवान्याच्या अटी ही लई ताकदीची जागा आहे आणि लोक ती विसरतात. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट, म्हणजे चालवायची संमती, लागतं, ते काम मंडळाचं. भंगारवाल्याकडं मात्र मंडळ रोज जाणार नाही, तिथं परवाना बघणाऱ्यालाच गाठायला पाहिजे.

एक कागद घ्या, मधे रेघ मारा. डावीकडं तुमच्या ड्राफ्टचं प्रत्येक वाक्य, उजवीकडं ते कुठल्या कलमाच्या जोरावर लिहिलं ते. उजवी बाजू रिकामी राहिली की ते वाक्य काढून टाका, कितीही आवडलं असलं तरी. माझी स्वतःची अकरा वाक्यं अशी गेली, त्यातलं एक तर मी रात्री दोन वाजता लिहिलेलं आणि त्यावर फार खूष होतो.

आणि हो, जुना ड्राफ्ट कॉपी करताना शिक्षेचा भाग नीट बघा. पर्यावरण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती, जनविश्वास कायद्यानं ती बदलली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथं दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आला, तोही कोर्टाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवणार. अजूनही लोक "पाच वर्षे कारावास" असं ड्राफ्टमध्ये चिकटवतात. वकिलाला तेवढंच पाहिजे असतं.

"रिकामा" म्हणजे किती रिकामा?

आता खरी मजा. व्याख्या.

आमच्या समितीत या एका शब्दावर तीन मीटिंगा गेल्या. डाईंगवाले म्हणायचे उलटा केला, थेंब पडला नाही, रिकामा. भंगारवाला म्हणायचा हलका लागला की रिकामा. मी शहाणा म्हणून म्हणलं, "पूर्णपणे रिकामा". तर एक म्हातारे डाय मास्टर, तेलुगू माणूस, आयुष्य सगळं रंगात गेलेलं, ते शांतपणे म्हणाले, पूर्ण रिकामं काही नसतं साहेब, वास राहतोच.

मग बाहेरचं बघितलं. अमेरिकेच्या नियमात रिकाम्या भांड्याची व्याख्या आकड्यात आहे. नेहमीच्या पद्धतीनं जेवढं निघतं तेवढं काढलेलं पाहिजे, आणि वर तळाशी अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त राहता कामा नये, नाहीतर मग साधारण साडेचारशे लिटरपर्यंतच्या भांड्यात वजनानं ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. अतिविषारी यादीतला माल असेल तर तीनदा खंगाळायचं. वाचून वाटलं झालं काम, घ्या हेच. मग रात्री गणित केलं. दोनशे लिटरचा बॅरल, आतला व्यास धरा ५७ सेंटिमीटर, त्यात अडीच सेंटिमीटर म्हणजे जवळपास सहा लिटर. सहा लिटर अॅसिड! अमेरिकेत ठीक आहे, तिथं तो बॅरल पुढं बॅरल धुणाऱ्या कारखान्यात जात असेल, आपल्याकडं तो मावशींच्या दारात जातो आणि त्यात पिण्याचं पाणी भरलं जातं. तिथली व्याख्या तिथल्या हातबदलीवर बसवलेली आहे, इथं आणून ठेवली तर ती कागदावर शोभेल फक्त.

म्हणून दुसऱ्याची व्याख्या घ्या, पण घेताना विचारा की त्यांच्याकडं ही वस्तू पुढं कुठं जाते. आम्ही शेवटी "रिकामा" हा शब्दच टाकून दिला आणि लिहिलं "ज्यात केमिकल आलं होतं असा कोणताही बॅरल, कॅन किंवा पिशवी, आत काही शिल्लक असो वा नसो". भांडणच संपलं. केंद्राच्या नियमात पण "केमिकल लागलेली" भांडी असाच भाव आहे, आम्हाला तिथं यायला तीन मीटिंगा लागल्या एवढंच.

खंगाळायची अट घालणार असाल तर त्या खंगाळलेल्या पाण्याचं काय हे त्याच वाक्यात लिहा. तीनदा खंगाळा म्हणलात आणि पाणी कुठं जाणार ते नाही लिहिलं, तर एका बॅरलचं विष तुम्ही तीन बादल्यांत वाटून गटारीत पाठवायची परवानगी दिली. ते पाणी ईटीपीत गेलं पाहिजे.

यादी करायची का गुण सांगायचा

केमिकलवर बंदी घालायच्या दोन पद्धती आहेत, आणि सोलापूरच्या माणसाला दोन्ही चांगल्या माहिती असायला पाहिजेत कारण आपल्या चादरी-टॉवेलच्या धंद्यानं त्या अंगावर घेतल्यात.

१९९४ साली जर्मनीनं काही अॅझो रंगांवर (कापडाच्या केमिकल रंगांचा एक मोठा गट) बंदी आणली, कारण ते रंग फुटले की त्यातनं अमाईन नावाची कॅन्सर करणारी केमिकल बाहेर पडतात. माल पाठवणाऱ्यांची इकडं पळापळ झाली. भारतानं बेंझिडीन या असल्याच एका अमाईनवर आधारलेले ४२ रंग आणि १९९७ साली आणखी ७० अॅझो रंग, असे मिळून ११२ रंग नावानं यादी करून बंद केले. युरोपनं पुढं काय केलं, रंगाचं नाव न घेता २२ अमाईनची यादी केली आणि सांगितलं की कापडात यातलं काहीही किलोमागं ३० मिलिग्रॅमच्या वर सापडता कामा नये, मग तुम्ही रंग कुठला पण वापरा.

फरक लक्षात आला का? नावाची यादी तपासायला सोपी, गोडाऊनमधला डबा बघितला की इन्स्पेक्टरला कळतं, लॅब लागत नाही. पण उद्या कुणी यादीत नसलेला जवळचाच रंग काढला की सुटला, आणि डब्यावर नाव बदललं तरी सुटला. गुणधर्माचा नियम चुकवता येत नाही पण प्रत्येक वेळी लॅब रिपोर्ट, आणि तो खर्च छोट्या माणसाच्या डोक्यावर. माझं मत विचाराल तर छोट्या युनिटसाठी यादी आणि मोठ्यासाठी गुणधर्म, पण दोन्हीकडं यादी दर दोन वर्षांनी बघितली जाईल अशी तारीख नियमातच टाका, नाहीतर ती यादी तशीच राहते वर्षानुवर्षं.

आकडे लिहिताना एकक लिहा. लिटरमागं मिलिग्रॅम आणि किलोमागं मिलिग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाळातनं पाण्यात किती उतरतं आणि गाळात मुळात किती आहे. आमच्या एका ड्राफ्टमध्ये टायपिंगच्या भानगडीत हे उलटंपालटं झालं होतं, चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आणि जो आकडा आधीच कुठं ठरलेला आहे तो परत नव्यानं ठरवू नका, टेक्स्टाईलच्या सांडपाण्याला २०१६ मध्ये बीओडी ३०, सीओडी २५० (पाण्यातली घाण मोजायची दोन मापं, लिटरमागं मिलिग्रॅममध्ये), रंग १५० (प्लॅटिनम-कोबाल्ट एककात) असं सगळं देऊन ठेवलंय, तिकडं बोट दाखवा आणि पुढं चला.

मीटिंगला कुणाला बोलवायचं

यादी करा म्हणलं की ऑफिसातनं नेहमीची यादी येते: उद्योजक संघटना, खात्यांचे प्रतिनिधी, एक प्राध्यापक, एक पर्यावरणवाले. सगळे पाहिजेतच. पण ज्यांच्या हातातनं माल जातो ते कुणीच त्यात नसतात. भंगारवाला, टेम्पोवाला, ईटीपी चालवणारा ऑपरेटर. मी भंगारवाल्याला बोलवतो म्हणल्यावर एक साहेब हसले. पहिल्या मीटिंगला तो आला आणि कोपऱ्यात बसला, काही बोलेना. मग मी मीटिंगच त्याच्या दुकानात घेतली, पोत्यावर बसून, कट चहा मागवून, तिथं तो दोन तास बोलत होता. कुठल्या बॅरलला किती भाव, कुठला बॅरल घेत नाही, कुणाकडनं रात्री येतो. त्या दोन तासांत जे मिळालं ते सहा महिन्यांच्या पत्रव्यवहारात मिळालं नसतं.

मालक आणि कामगार एकत्र बसवू नका, कामगार मालकाच्या तोंडाकडं बघत बसतो. आणि भाषेचं बघा. सोलापुरात डाईंगवर, लूमवर तेलुगू बोलणारे किती आहेत, कन्नड आहेत, दखनी आहेत. ड्राफ्ट मराठीत पाहिजेच, पण समजावून सांगायला तेलुगूचा माणूस बरोबर ठेवा. इंग्रजीत ड्राफ्ट करून शेवटी मराठी भाषांतर करून घेऊ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते भाषांतर कुणालाच कळत नाही, करणाऱ्यालाही.

लोक ओरडतील, ओरडू द्या, पण ओरड्यातला मुद्दा वेगळा काढायला शिका. एका छोट्या डाईंगवाल्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं, "नव्वद दिवसांत गाळ उचला म्हणता, माझा गाळ दोन पोती होत नाही, रांजणगावची गाडी दोन पोत्यांसाठी येती का?" बरोबर होतं की त्याचं. घातक कचरा नव्वद दिवसांच्या वर ठेवायचा नाही हा केंद्राचा नियम आहे, तो आपण बदलू शकत नाही, आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं रांजणगावचं केंद्र इथनं दोनशेच्या वर किलोमीटर. पण त्याच नियमात पुढं लिहिलंय की वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या छोट्यांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. ते कुणी वाचलंच नव्हतं. आणि दुसरं, गाडी दोन पोत्यांसाठी येत नाही तर वीस जणांची मिळून येईल ना. दूध संघाची गाडी गावागावात जाऊन कॅन गोळा करतीच की. तसं महिन्यातला एक दिवस ठरवून रूट लावायचा, प्रत्येकाची नोंद वेगळी, वजन वेगळं, गाडी एक. हा मुद्दा आमच्या ड्राफ्टमध्ये आला तो त्या टेबल आपटणाऱ्या माणसामुळं.

गाळाचं एवढं काय असं कुणी विचारलं तर बिछडीचं सांगा. राजस्थानात उदयपूरजवळचं गाव, तिथं एच-अॅसिड बनवायचे, म्हणजे आपल्याच रंगांचा कच्चा माल. गाळ उघड्यावर टाकला, पावसात मुरला, विहिरींचं पाणी गेलं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यानं घाण केली त्यानंच साफ करायचा खर्च द्यायचा. एवढं सांगितलं की रंगवाल्यांच्या मीटिंगमध्ये पण शांतता होते, कारण एच-अॅसिड हे नाव त्यांना माहिती असतं.

वाक्य कसं लिहायचं आणि माझी फजिती

सरकारी मराठीचा एक आजार आहे, "करण्यात यावे". कुणी? "योग्य ती विल्हेवाट लावण्यात यावी", "आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी". हे वाक्य कुणालाच बांधत नाही. प्रत्येक वाक्यात कोण, काय, कधीपर्यंत, कुठल्या कागदावर, कुणाला, एवढं पाहिजे, आणि नसेल तर ते वाक्य सल्ला झाला.

आता फजिती ऐका. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं की केमिकलचे बॅरल "पुन्हा पाणी साठवण्यास निरुपयोगी करून" मगच गेटबाहेर काढावेत. छान वाटलं. एका ठिकाणी त्यांनी लगेच, ड्राफ्ट असतानाच, प्रामाणिकपणे करून बघितलं. बॅरल मधोमध उभा कापला, दोन तुकडे. पाणी साठत नाही, नियम पाळला. महिन्यानं मी तिकडनं मोटरसायकलवरनं चाललो होतो तर एका गोठ्यापुढं तेच अर्धे बॅरल आडवे ठेवलेले, मस्त गव्हाण झालेली, आणि म्हैस त्यात पेंड खात होती. मी गाडी थांबवून बघतच बसलो. पाण्यातनं काढलं आणि दुधात घातलं.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये वाक्य असं झालं: "बॅरल ज्याच्या कारखान्यात रिकामा झाला त्या मालकाने तो फक्त मंडळाची परवानगी असलेल्या बॅरल धुणाऱ्या केंद्राला द्यावा, तसे न केल्यास गेटबाहेर काढण्यापूर्वी त्याचे हातभर लांबीपेक्षा लहान तुकडे करावेत, आणि तुकड्यांचे वजन त्याच दिवशी नोंदवहीत लिहावे." हातभर हा शब्द वकिलानं काढून सेंटिमीटर घातले, ठीक आहे. हे वाक्य सुंदर नाही, पण कोणी, काय, कधी सगळं आहे, आणि हातभर तुकड्याची गव्हाण होत नाही.

यावरनं एक सवय लावून घ्या. प्रत्येक वाक्य लिहिल्यावर त्या धंद्यातल्या सगळ्यात चलाख माणसाला दाखवा आणि विचारा, हे पाळून पण तू कसं चुकवशील? त्याला पाच मिनिटं लागत नाहीत.

हरकती आणि सूचना

ड्राफ्ट प्रसिद्ध करायचा असतो. केंद्राच्या पर्यावरणाच्या नियमांना बहुतेक वेळा गॅझेटमध्ये छापल्यापासून ६० दिवस देतात, आणि केंद्राचं २०१४ चं एक धोरण आहे त्यात निदान ३० दिवस मसुदा लोकांपुढं ठेवावा असं आहे. महापालिकेच्या उपविधीला हरकती मागवायच्या, सभेपुढं जायचं आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी. मुदत संपली म्हणून आलेल्या हरकती फेकून देऊ नका, दोन दिवस उशिरा आलेल्यातच कधी कामाचं असतं, पण अधिकृत नोंद मुदतीतल्यांचीच ठेवा.

जाहिरात पेपरमध्ये छापून थांबू नका. आम्ही ड्राफ्टचं एक पान मोठ्या अक्षरात करून एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्यांवर लावलं, तिथं जितक्या लोकांनी वाचलं तितक्यांनी पेपरमधली नोटीस कधी वाचली नसती. हरकत लेखीच पाहिजे म्हणलं की अर्धे लोक गप्प बसतात, म्हणून एक पोरगा वही घेऊन बसवला, लोक बोलायचे, तो लिहायचा, वाचून दाखवायचा, सही नाहीतर अंगठा.

मग आलेल्या हरकतींचा तक्ता. हरकत काय, कुणाची (संघटना का एकटा माणूस), मान्य का अमान्य, आणि कारण. कारण लिहायला टाळाटाळ करू नका, "विचारात घेतले" हे कारण नाही. वर्षभरानं कुणी एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) पुणे खंडपीठात किंवा हायकोर्टात गेलं की पहिला प्रश्न हाच असतो की हरकतींवर तुम्ही डोकं लावलं होतं का, आणि तेव्हा हा तक्ताच तुमच्या बाजूनं उभा राहतो. पन्नास जणांनी एकच छापील पत्र पाठवलं असेल तर ती एकच हरकत धरून उत्तर द्या, संख्या लिहा आणि पुढं जा.

फॉर्म आणि तारीख

लोक नियम वाचत नाहीत, फॉर्म वाचतात. म्हणून फॉर्म शेवटी कुणा ज्युनियरवर ढकलू नका, स्वतः बनवा आणि स्वतः भरून बघा. घातक कचऱ्याच्या वाहतुकीला फॉर्म १० असतो, त्याच्या सात रंगांच्या सात प्रती, पांढरी, पिवळी, गुलाबी वगैरे, प्रत्येक हाताला एक, म्हणजे मी सुरुवातीला जे हातबदलीचं म्हणत होतो तेच तिथं रंगात करून ठेवलंय. वर्षाचा हिशोब फॉर्म ४ वर ३० जूनपर्यंत. तुम्ही तुमचा नवीन फॉर्म काढायच्या आधी बघा की हीच माहिती त्यात आधीच जातीय का, जात असेल तर परत मागू नका, लोक दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे भरतात आणि मग खरा कुठला ते देवालाच माहिती. आमचा पहिला फॉर्म चार पानांचा होता. ईटीपी ऑपरेटरला भरायला दिला, त्यानं पहिलं पान भरलं, दुसऱ्यावर चहाचा कप ठेवला. दुसऱ्या दिवशी तो एका पानाचा केला.

अंमलाची तारीख पण विचार करून टाका. गॅझेटच्या दिवसापासून लगेच लागू म्हणलं की सगळेच पहिल्या दिवशी गुन्हेगार होतात आणि मग कुणीच होत नाही. मोठ्यांना तीन महिने, छोट्यांना सहा, भंगारवाल्यांना परवाना नूतनीकरणाच्या वेळी असं टप्प्यानं. आमच्याकडं एकानं सुचवलेली तारीख बरोबर संक्रांतीच्या आठवड्यात पडत होती, म्हणलं अहो तेव्हा अख्खं सोलापूर गड्ड्याच्या जत्रेत असतं, इन्स्पेक्टर पण तिथंच भेटतील तुम्हाला.

छापून आल्यावर

गॅझेटची प्रत आली की मूळ फाईलशी शब्दन् शब्द ताडून बघा, दोघं बसून, एकानं वाचायचं आणि एकानं बघायचं. "किंवा" चं "आणि" झालं की नियम उलटा होतो, आणि शुद्धिपत्रक निघायला महिने जातात.

चालतंय का नाही ते बघायला रिपोर्टवर विसंबू नका. मी अजून पण सहा-आठ महिन्यांनी त्या भंगारवाल्याकडं चक्कर मारतो आणि फक्त भाव विचारतो. अख्ख्या निळ्या बॅरलचा भाव वाढला असेल तर समजायचं की बाहेर येणारे कमी झालेत, म्हणजे गेटवर काहीतरी होतंय. पडला असेल तर कुठंतरी नवीन गेट उघडलंय, ते शोधायचं. मागच्या खेपेला गेलो तेव्हा दुकानाच्या मागं निळ्या तुकड्यांची पोती रचलेली होती, म्हणाला प्लॅस्टिकचा दाणा करणाऱ्याला जातंय, किलोवर. अख्खा बॅरल एकच होता. त्याला विचारलं हा कसला, तर म्हणाला मधाचा हाय, लेबल बघा की. लेबल बघितलं, मधाचाच होता. तरी झाकण उघडून वास घेतलाच मी.